खंडेनवमीला उघडलेलं इंजिन

वालूरला एसटी थांब्याच्या पुढं माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. गाडीला बाधा झालीय, नजर लागलीय असं कुणी सांगत आलं की मी म्हणतो, आधी प्लग काढून दाखव, मग बाधेचं बघू. माझा स्वभाव असा आहे हे आधीच सांगून ठेवतो.

राधाकिशनची व्हॅन पंचवीस वर्षांची. पेट्रोलवरची, इंजिन पुढच्या सीटखाली. त्याची आई सारजाबाई माझ्या गावची, पालमची. म्हणून मी तिला आक्का म्हणायचो आणि राधाकिशन मला मामा. आक्काच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीला डायलिसिस. जाताना एसटी कशीबशी चालायची, पण येताना तिला बसवतसुद्धा नसे. व्हॅन चालली तरच आक्काचे दिवस पुढं जाणार होते.

त्या व्हॅनचं हेड गॅस्केट गेलं ते नेमकं खंडेनवमीला. माझं गॅरेज बंद. पाने, पक्कड, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, वर हळदकुंकू. पूजेला बसलेलं हत्यार आमच्याकडं त्या दिवशी कुणी उचलत नाही. मी काही देवभोळा नाही, पण मीही नाही उचलत.

"परवा आण," मी राधाकिशनला म्हणालो.

"मामा, उद्या मायला न्यायचंय."

"मग उद्या दुसरी गाडी बघ."

त्याला गाडी मिळाली नाही. घरच्या पाटावरचे पाने उचलून, मोबाईलवर बघून बघून त्यानं एकट्यानं हेड उघडलं, गॅस्केट बदललं. दुसऱ्या दिवशी आक्काला परभणीला नेऊन आणलं, बिनतक्रार. आणि तिसऱ्या दिवशी सेलूला जायला निघाला तर गाडी मरून पडलेली. मग माझी आठवण झाली.

मी त्याच्या शेतातल्या घरी गेलो. "गड्या, मोबाईल बघून इंजिन खोललंस? पोरीचं लगीन बी मोबाईल बघूनच लावशील!" असं म्हणत सीट उचललं. खरं सांगतो, काम चुकीचं नव्हतं. बोल्ट नीट आवळलेले. फक्त प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर कुंकू लागलेलं, पान्याचं.

पेट्रोल येत होतं. कॉम्प्रेशन चांगलं होतं. स्टार्टर फिरत होता. ठिणगी मात्र नव्हती. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, बॅटरी माझ्या जीपची लावून पाहिली. काही नाही. दुपार झाली, सीट परत खाली बसवलं.

आक्का चहा घेऊन आली. चार पावलांत तिला दम लागला, म्हणून डाव्या सीटवर टेकली. मी सवयीनं चावी फिरवली.

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"आली बया!" राधाकिशन ओरडला. आक्का कप घ्यायला खाली उतरली आणि इंजिन बंद पडलं.

ती पुन्हा बसली, सुरू. उतरली, बंद.

मला वाटलं, सापडलं! सीट दबल्यावर एखादी वायर टेकते, अर्थिंग मिळतं. मी तिच्या जागी युरियाचं पोतं ठेवलं. मग राधाकिशनची बायको शिवकन्या बसली. मग मी स्वतः. गाडी ढिम्म. शेवटी आक्काला मागच्या सीटवर बसवलं, जिथं वायर नाही, काही नाही. गाडी सुरू झाली. मी पुन्हा वायरी चाचपायला लागलो.

आक्का मात्र शांत होती.

"पोरानं पाटावरचा पाना उचलला ना दिनकरराव, तवाच मी इंजिनावर हात ठिवला व्हता. म्हनले, लेकराचं काय धरू नगंस. जे धरायचं ते मला धर."

"आक्का, अर्थिंगचा घोळ हाय. सापडंल."

"सापडू दे की. तवर मी हायेच."

महिनाभर व्हॅन तिला घेऊन परभणीला जात राहिली. तिच्याशिवाय अंगणातून हलली नाही. "मीच चावी झाले का रं?" म्हणून ती हसायची. मला ते हसणं आवडायचं नाही. दर रविवारी मी जाऊन काहीतरी तपासायचो आणि हात काळे करून परत यायचो.

कार्तिकात ब्रेक ढिले झाले. रविवारी राधाकिशननं आक्काला सीटवर बसवून व्हॅन गॅरेजला आणून सोडली, परत गेले ते माझ्या मोटारसायकलवर. तिची वाकळ सीटवरच राहिली. चौघडी घातलेली, इंजिनाची धग लागू नये म्हणून ती अंगाखाली घ्यायची.

सोमवारी पहाटे तिला धाप लागली. व्हॅनच्या ब्रेकचे चारी ड्रम माझ्याकडं उघडे पडलेले. तिला परभणीला भरती केलं, पण ॲम्ब्युलन्स यायलाच दीड तास लागला. ते माझ्या मनातून जात नाही.

मंगळवारी मी ब्रेक जोडून टाकले. सकाळी चावी फिरवून पाहिली होती. नेहमीसारखी गप्प. दुपारी हात धुतले, जेवलो, आणि काही कारण नसताना पुन्हा फिरवली.

सुरू झाली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

एका महिन्यात इतकी गुळगुळीत चालताना मी तिला ऐकली नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, सुटला घोळ, आता आक्काला आणायला हीच पाठवायची.

फोन वाजला. राधाकिशन होता.

"मामा, माय गेली. आत्ताच. धा मिन्टं बी झाली न्हाईत."

मी व्हॅनच्या दाराला हात टेकला. इंजिनानं ते थरथरत होतं.

मग तो हळूच म्हणाला,

"मामा, गाडी चालू हाय का?"

"हाय."

"आत कोन बसलंय?"

मी डाव्या सीटकडं पाहिलं. वाकळ मधोमध दबलेली होती.

"कुनी न्हाई," मी म्हणालो.

"बंद करू नगा. तिला घरी यायचं व्हतं."

"हं," मी म्हणालो.

चावी मी फोन घेतानाच काढून खिशात टाकली होती.