शेवटच्या घराचा डबा

नवीन जागी राहायला गेलं की शेजाऱ्यांना काहीतरी नेऊन द्यायचं, ही जपानची रीत. जयमालानं टोकियोत, कोतो नावाच्या भागात, तीस वर्षं संसार केला होता; तिला हे कुणी शिकवायला नको होतं. नवरा जगदीश बँकेच्या आयटीतून निवृत्त झाला, उत्तरेत एका तळ्याकाठी स्वस्तात घर मिळालं, आणि आता बारमाही तिथंच राहायचं असं दोघांनी ठरवलं. म्हणजे त्यानं ठरवलं आणि तिला कळवलं.

उन्हाळ्यात तळ्याकाठी माणसं होती. नोव्हेंबरात खिडक्यांना फळ्या ठोकून सगळी निघून गेली. समोर उरल्या फक्त ओनो-सान. ही म्हातारी नमस्कारसुद्धा दार लोटता लोटता घ्यायची. आणि वळणावरचं शेवटचं घर. तिथं माणूस दिसत नसे, पण दिवा असे. एका दुपारी जयमालानं कागदी पिशवीत बेसनाचे लाडू घालून त्या दाराच्या कडीला अडकवले.

दुसऱ्या दिवशी पायरीवर लाखेचा काळा डबा. आत चार बोटभर मासे. तळं गोठलेलं होतं, आणि मासे हलत होते. तिनं तोंड फिरवलं. जगदीशनं तळून खाल्ले.

आता आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडच्या बाईच्या हाडातच असतं. चकल्या गेल्या, मासे आले. शंकरपाळे गेले, मासे आले. जगदीश हीटर बंद करू लागला. बर्फात अनवाणी उभा राहायचा, वळणाकडे तोंड करून. त्याच्या हाताला हात लागला की फ्रीजमधल्या भांड्याला लागल्यासारखं वाटे.

"अहो, चार दिवस टोकियोला जाऊन येऊ या?"

"तू जा," तो म्हणाला. "मला इथं... बोलावणं आहे."

त्याच सकाळी ओनो-सान पहिल्यांदा फाटकाशी आल्या. जयमालाच्या हातातल्या डब्याकडे बघत म्हणाल्या, "यातलं कोण खातं?"

"आमचे हे."

म्हातारीनं वळणाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्यानंही खाल्लं होतं. डबा रिकामा द्या, म्हणजे संपतं. आणि नवऱ्याला घेऊन उद्याच्या उद्या निघा. तुम्हाला इथं या म्हटलं होतं कुणी?"

जयमालानं उद्याच्या विमानाची दोन तिकिटं काढली. डबा धुतला, पुसला, झाकण लावून बुटांच्या कपाटावर ठेवला आणि आत जाऊन कोट घालून आली. दुपारचे दोन, तरी उजेड राखेसारखा. पायाखाली बर्फ करकरत होतं. मध्येच तळ्याच्या पोटातून एक लांब कण्हणं येई. शेवटच्या घराशी ओल्या राखेचा आणि माशांचा वास होता. तिनं डबा पायरीवर ठेवला. दाराच्या फटीशी पलीकडून कुणीतरी हुंगत होतं... सावकाश, जेवायला बसलेल्या माणसासारखं. ती मागं न बघता परतली. रिकामा डबा दिल्याची लाज आयुष्यात पहिल्यांदाच वाटली नाही.

घरात जगदीश ताटं मांडत होता. सहा.

"दिलास डबा?"

"दिला. बॅग भरा, सकाळी निघायचंय."

"रिकामा नाही दिलास ना?"

ती बॅग काढायला वळली. तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"तू कोट घालत होतीस ना, तेव्हा मी घातलं त्यात. रिकामा डबा कसा द्यायचा गं, जया? बरं दिसतं का ते?"

"काय... काय घातलंत?"

"घराची किल्ली. नॅपकिनमध्ये गुंडाळून. वाजली असती नाहीतर."

बाहेर बर्फ करकरलं. दोन पावलांचं नव्हे, पुष्कळ पावलांचं. पायरीवर काहीतरी अलगद टेकवल्याचा आवाज झाला. मग किल्ली कुलपात शिरली.

त्या दाराची किल्ली उघडायला डावीकडे फिरते. ही उजवीकडे फिरली, बाहेरून कुलूप लावायला.