एल्क फोर्डची दहाची नोट

“पहिल्याच टेबलावर नोट काढू नकोस, मार्नी. तोंड बघून भाव पाडतात मेले!” आईनं बजावलं होतं. पण ग्रँड आयलंड गावी जुन्या नोटांच्या प्रदर्शनात शिरले आणि कडेवरच्या माझ्या हॅटीनं भोकाड पसरलं. दाराजवळच्या टेबलावरचा तरुण तिच्यासमोर किल्ल्या वाजवू लागला. ती खुदकन हसली... आणि मी नोट काढली. आजीच्या बायबलात सापडलेली, दहा डॉलरची.

“एकोणीसशे दोनची आहे,” मी ऐटीत म्हणाले.

“साल सगळेच वाचतात. गाव वाचलंत?”

त्यानं भिंग पुढे केलं. आमची बोटं टेकली... त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद!

“एल्क फोर्ड! अहो, तेव्हा गावोगावच्या बँका आपल्या नावानं नोटा काढायच्या. ही बँक तर चार वर्षांत बुडाली. हिच्या नोटेबद्दल मी नुसतं ऐकून होतो!”

“मग घ्या की.”

“माझ्याकडे आठशे आहेत. आणि ही पाच हजारांखाली कुणाला देऊ नका... मलासुद्धा.”

मी नोट पर्समध्ये घातली. हॅटीचा बाप तिच्या जन्माआधीच निघून गेलेला. तेव्हापासून पुरुषाच्या प्रत्येक शब्दात मी खोट शोधायची. म्हणून आणखी दोन टेबलं फिरले. एकानं तीनशे सांगितले. दुसरीकडच्या आजीबाई हसल्या, “पाच हजार. दाराजवळच्या अ‍ॅन्सेलनंही हेच सांगितलं ना? येडं आहे ते पोर. असाच धंदा केला तर उपाशी मरेल!”

नोट मी विकलीच नाही. मग अ‍ॅन्सेल शनिवारी ‘नोट बघायला’ येऊ लागला, येताना कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन. आईसुद्धा विरघळली. एका शनिवारी हॅटी त्याच्या खांद्यावर झोपली होती. मी हळूच विचारलं, “नोट आणू?”

“कुठली नोट?” तो म्हणाला.

मी हसले... पण रात्रभर धाकधूक. हाही गेला तर? या वेळी आम्ही दोघी मागे राहू.

आज तो लिंकन शहरातल्या प्रदर्शनात आहे. सकाळी निरोप आला — “समोर बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणून लिहितोय. माझ्याशी लग्न करशील? हॅटीलाही विचार.”

हॅटीनं फोन चाटला. मी तो पुसून लिहिलं — “हो. दोघींचंही.”

तासभर झाला, उत्तर नाही! लिंकनमध्ये कुणी असाल तर जरा बघून या ना... उंच, निळा शर्ट, लाल कान. पाणी द्या त्याला. आणि शुद्धीवर असला तर म्हणावं, फोन बघ!