चौथी लादी

बर्फ मागू नका. या रसवंतीत बर्फ मिळत नाही, पाटीवर लिहिलंय तसं. आलं घ्या, लिंबू घ्या, मीठ घ्या. हा पिराजीमामा, म्हणजे मी, म्हातारचळला असं अख्खं अहमदपूर स्टँड म्हणतं. म्हणू दे. लाईट आल्याशिवाय चरक फिरत नाही, तोवर तुम्हाला तरी काय काम आहे? बसा. सांगतो. ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या भाच्याची गोष्ट आहे.

भाचा म्हणजे सत्यम. हैदराबादला दोन वर्षं एका बारच्या काउंटरवर होता. बाटली हवेत फेकून पाठीमागं झेलायचा. तो बार बंद पडला आणि पोरगं घरी येऊन बसलं. वर्षभर आईची बोलणी खाल्ली. मग दयानंदशेठ भेटले. शेठचं लातूर रोडला नवं हॉटेल होणार होतं. त्यांची लेक तनुजा पुण्याला शिकायला, तिला शिरूर ताजबंदच्या अलीकडं त्यांच्या शेतातल्या बंगल्यावर हॅलोविनची पार्टी द्यायची होती. हॅलोविन म्हणजे भुताची सोंगं घेऊन नाचायचं. आपल्याकडं भूत लागलं की माणूस देवाला नेतात, यांना पार्टी लागते! शेठ म्हणाले, "भुताटकीचं असं ड्रिंक कर, की पोरांनी नाव काढलं पाहिजे. जमलं तर हॉटेलचं काउंटर तुझं." वर्षभरानं पोराच्या तोंडावर तेज आलं. नाही जमलं तर परत आईपुढं तेच तोंड घेऊन उभं राहायचं होतं.

दिवस सांगतो. एकतीस ऑक्टोबर दोन हजार चोवीस, गुरुवार. सकाळी नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान, दुपारी चारच्या सुमारास अमावस्या लागली.

सत्यमनं सकाळपासून माझ्या बहिणीच्या घरात तमाशा मांडला होता. बीट किसून पातेलंभर लालभडक रस. त्यात गुलाबाचं सरबत. डब्यातल्या लिच्या काढल्या, एकेकीच्या पोटात काळा मनुका खुपसला, की झाला डोळा. भिजलेला सब्जा म्हणजे बेडकाची अंडी. आणि शिजवलेल्या शेवया... ते जंत! मी फराळाला गेलो होतो. ते पातेलं बघितलं आणि हातातली करंजी तशीच खाली ठेवली. अरे, शेवया आम्ही दुधात घालून खातो रे!

सगळं झालं आणि याच्या ध्यानात आलं, बर्फ राहिला. चाळीस माणसांचं ड्रिंक, आणि सणामुळं बर्फाचा कारखाना बंद. स्टँडजवळच्या कोल्ड्रिंकवाल्याकडं नाही, मासळीवाल्याकडं नाही. पाच वाजून गेले. गाडी घेऊन पोरगं गावभर फिरून गल्लीत परत आलं.

गल्लीत आदल्या रात्री नागाबाई वारली होती. सत्यमला तिनं लहानपणी मांडीवर खेळवलेलं. महिनाभर अंथरुणाला होती, तोंडाची आग आग व्हायची. सत्यम दिसला की म्हणायची, "सत्या, येताना बर्फाचा खडा आण रे. तोंडात धरते." हा म्हणायचा, "हाव आजी, आणतो." आणला नाही. एकदाही नाही. मातीलाही गेला नाही, ड्रिंकच्या नादात.

तिचा लेक अंगद पुण्याहून यायचा होता. मढं ठेवायची गार पेटी दुसऱ्या गावाला गेलेली, म्हणून रातोरात बर्फाच्या चार लाद्या आणल्या. अंगद दुपारीच पोचला. तीनच लाद्या लागल्या. चौथी दारातल्या लिंबाखाली भुशात, पोत्यात गुंडाळलेली तशीच पडली होती.

सत्यमनं पोत्याला हात घातला. शेजारच्या कस्तुराबाई अंगण धूत होत्या. त्या धावल्याच.

"सत्यम, ती नको नेऊ बाबा."

"अंगाला लागली न्हाई मावशी, पोत्यातच हाय की."

"लागली न्हाई म्हणून काय झालं? तिच्या नावानं आलेली हाय ती. तिचीच ती. झाडाच्या बुडात इतळू दे."

"बर्फ हाय मावशी, बर्फाला काय नाव असतंय?"

उचलली. गाडीत टाकली. मढ्यासाठी आणलेला बर्फ, आणि हा लोकांच्या घशात घालणार! भूक लागली की माणूस काय करील सांगता येत नाही, पण पोराला भाकरीची ददात नव्हती. त्याला काउंटर पाहिजे होतं.

बंगल्यावर लादी तीन पाण्यांनी धुतली. टोच्यानं फोडली, टबात भरली. वरून बीटाचा रस, वोडका, डोळे, जंत. साडेआठला पहिला ग्लास त्यानं स्वतः चाखला. कापराचा वास आला. सरबताचा असेल म्हणाला.

पोरं तुटून पडली. कुणी चादर पांघरून, कुणी तोंडाला पीठ फासून. लिची दातात धरून फोडायची आणि किंचाळायची. शेवया ओठांवर लोंबताहेत, हनुवटीवरून लाल ओघळ... शी! शेठनी पाठीवर थाप मारली. "जिंकलास. काउंटर तुझं. सोमवारपासून ये."

तनुजा आली. "सत्यमदादा, बेस्ट मेकअपचं बक्षीस तुमच्या आजींना!"

"कोणत्या आजी?"

"टबाजवळ बसल्यात त्या. हिरवं नवं लुगडं, कपाळभर गुलाल. आणि नाकात कापूस! कसलं भारी सुचलंय."

सत्यमनं वळून बघितलं.

टबाजवळ प्लॅस्टिकची खुर्ची होती. रिकामी. ओली. खुर्चीखाली पाणी साचलेलं.

"आत्ता तर होत्या," तनुजा म्हणाली. "पाय टबातच घालून बसल्या होत्या."

ती गेली. गाणी चालूच होती. पण सत्यमला टबाकडून दुसराच आवाज आला. बारीक... चोखल्याचा. दात नसलेलं तोंड बर्फाचा खडा चोखतं तसा.

थांबला.

परत सुरू झाला.

त्याच्या घशाशी काहीतरी आलं. खोकला. जिभेवर केस. बोटानं ओढला. पांढरा. ओढतोय... ओढतोय... संपेना. खोबरेल तेलाचा, भुशाचा वास. तो तिथंच भडाभडा ओकला. बीटाचं सगळं लाल.

वाकलेला असताना कानाशी आलं. अगदी कानाशी.

"सत्या... आता गार वाटायलंय रे."

...

साडेअकराला माझं दार वाजलं. दारात सत्यम. हातात स्टीलचा डबा. टब उलटा करून आला होता म्हणे. सगळा बर्फ वितळला होता, एवढाच राहिला, नारळाएवढा. एका बाजूनं गुळगुळीत झालेला, चोखून चोखून.

मी बॅटरी लावली. बर्फ काचेसारखा नितळ होता. मधोमध दोन पांढरे बोळे. कापसाचे. बोटाच्या पेराएवढे.

आता ऐका. ती लादी कारखान्यात मंगळवारी गोठली. नागाबाई बुधवारी रात्री गेली. लादीचं पोतं सत्यमनं सोडेपर्यंत कुणी सोडलं नव्हतं, कस्तुराबाईला मी स्वतः विचारलं. मग लादीच्या पोटात...

सोमवारी शेठचे चार फोन आले. "सेम तसंच ड्रिंक पाहिजे," म्हणत होते. सत्यमनं फोन बंद केला. काउंटर गेलं. ते बघा, तिकडं अंधारात उसाच्या मोळ्या लावतोय, तोच तो. बोलत नाही फारसा. थंड पाणी पीत नाही. लालसुद्धा काही खात नाही.

त्या रात्री आम्ही तो बर्फ परातीत ठेवून समोर बसलो. पहाटेपर्यंत वितळला. परात काठोकाठ भरली, पाणी जमिनीवर आलं, माझं धोतर भिजलं. बोळे पाण्यावर तरंगत होते. मी उचलले.

कोरडे होते.

त्या गल्ल्याखालच्या डबीत आहेत. एप्रिल चाललाय, बाहेर पत्रा अजून तापलेला आहे. डबीला हात लावून बघा...

गार आहे ना?