दादाच्या नावाने चालणारी कामं

सर्व्हरवर जशी माणसांची खाती असतात, तशी कामांचीही असतात. रोजचा बॅकअप घेणं, आलेल्या ऑर्डरी कारखान्याकडे पाठवणं ही कामं कोणी बसून करत नाही. ती आपोआप चालतात, आणि प्रत्येकाला आपापलं सर्व्हिस अकाउंट द्यायचं असतं. त्याला परवानगी कामापुरतीच, तसूभरही जास्त नाही. हे मला दादाने शिकवलं, आणि स्वतः मात्र सगळी कामं स्वतःच्याच खात्यावर चालवली. त्या खात्याला अडवणारं काहीच नव्हतं. "करतो गं पुढच्या आठवड्यात," म्हणायचा. चालढकल करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

तो गेला त्याला आठ महिने झाले. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसायचो. आता त्याच्या टेबलावर जुने कीबोर्ड रचून ठेवलेत. त्याचं खातं बंद केलं असतं तर कारखाना ठप्प झाला असता, म्हणून ते चालू ठेवलंय, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण वेगळंच होतं. सकाळी चालू कामांच्या यादीत त्याचं नाव अकरा वेळा दिसायचं, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग ऑडिटरबाई आल्या. यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कोण?"

"माझा भाऊ."

"रजेवर आहेत?"

"वारला."

त्यांनी यादीवरचं बोट उचललं. "वाईट वाटलं हो ऐकून. पण गुरुवारपर्यंत हे खातं बंद करा. गेलेल्या माणसाच्या नावाने सर्व्हर नाही चालवता येत."

दहा कामं मी दोन दिवसांत हलवली. प्रत्येकाला नवं खातं, लांबलचक पासवर्ड, कामापुरती परवानगी. अकरावं काम कशाचं ते मला ठाऊक नव्हतं. त्याचं नाव होतं 'बुटकी'. दादा मलाच बुटकी म्हणायचा.

उघडलं तर जेमतेम आठ ओळींचा प्रोग्राम. मी सकाळी दहापर्यंत लॉगिन केलं का ते बघायचं, आणि एका फाइलीत 'पोचली' किंवा 'नाही पोचली' एवढंच लिहायचं. मला हसू फुटलं. दादा रजेवर असला तरी मला उशीर झाला की दहा वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन ठरलेला, "कुठे उलथलीस?" मी म्हणायचे, याला घरबसल्या कळतं कसं! हसता हसता रडूच कोसळलं. खोलीत कोणी नव्हतं ते बरं झालं.

फाइल खाली सरकवत गेले. पोचली. पोचली. रविवारी नाही पोचली. तो गेल्यानंतरही तसंच चालू होतं, आणि त्यात नवल नव्हतं. कोण गेलं, कोण राहिलं, हे प्रोग्रामला काय कळणार? मग जुलैतल्या एका मंगळवारची ओळ आली.

"नाही पोचली. घरी आहे. ताप आहे. पांघरूण घातलं."

मी प्रोग्राम पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. त्यात उत्तरं दोनच होती. त्या फाइलीत लिहायची परवानगी फक्त दादाच्या खात्याला होती, आणि त्याचा पासवर्ड त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हता.

मी एकटीच राहते, आणि त्या मंगळवारी तापाने फणफणले होते. दुपारी जाग आली तेव्हा अंगावर जाड पांघरूण होतं. ते कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतं. स्टुलावर चढल्याशिवाय माझा हात तिथे पोचत नाही. मीच काढलं असेल, तापात आठवत नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली होती. स्टूल मात्र बाल्कनीत होतं, त्यावर तीन कुंड्या होत्या.

साहेबांना सांगायला उठले आणि पुन्हा बसले. सांगणार तरी काय?

गुरुवारी दुपारी ऑडिटरबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी 'बुटकी'लाही नवं खातं दिलं. लॉगिनची यादी वाचायची, एका फाइलीत लिहायचं, बाकी कुठेही प्रवेश नाही. मग दादाचं खातं कायमचं पुसलं. नक्की पुसायचं का, असं स्क्रीनने विचारलं. मी हो म्हटलं. माझ्याच हातांनी.

शुक्रवारी पोचली. सोमवारी पोचली. मंगळवारीही नुसतंच पोचली. मला त्याची एक ओळ हवी होती. एकच. खरं सांगायचं तर मला दादा हवा होता.

बुधवारी मी मुद्दाम कामाला गेले नाही. कोणाला कळवलंही नाही. बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडून सकाळपासून बसून राहिले. जेवले नाही, फोन उचलला नाही. कसली चाहूल नाही, काही नाही. सहा वाजता स्वतःचाच राग आला आणि उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या फाइल उघडली.

१०.०० नाही पोचली.

१०.०१ घरी आहे.

१०.०२ दाराशी आलो. प्रवेश नाही.

१०.०३ दाराशी आहे. प्रवेश नाही.

पुढे दर मिनिटाला तीच ओळ. मी सरकवत राहिले. दुपार झाली, चार वाजले, पाच वाजले.

६.०० चहा टाकतेय. प्रवेश नाही.

तिथे फाइल संपली.

काल दार मी सकाळपासून सताड उघडं ठेवलं होतं, आणि खुर्ची बरोबर त्याच्या समोर होती.