कार्बोरेटरवरचा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी गोष्टी रचणारी बाई नाही. हे माझ्या घरी घडलंय, आणि माझ्या या हाताला कळलंय.

भुतं म्हणे रात्री येतात. आमच्याकडे जे झालं ते रविवारी, भर दुपारी, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

तिथे आमची जुनी व्हॅन उभी असते. कार्बोरेटरवाली. माझा नवरा तिला पोटच्या पोरीसारखं जपायचा.

गेल्या वर्षी त्याच शेडमध्ये तो गेला. दार बंद, इंजिन चालू, आत धूर कोंडलेला. बॉनेट उघडं होतं आणि तो इंजिनावर ओणवा पडला होता. त्याच्या उजव्या तळहातावर एक काळा गोल ठसा होता... कामाचे हात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

माझा धाकटा दीर त्या वेळी बाजारात गेला होता.

निदान तो तसं म्हणाला.

यंदा मला कामावर पहाटेची पाळी लागली. लेकीला शाळेत कोण सोडणार? दिराने आपणहून ते काम अंगावर घेतलं. "वहिनी, मी आहे ना. व्हॅन काढू." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याने जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, बॅटरी बदलली. आत बसून चावी फिरवली.

गाडी सुरू झाली. थोडा वेळ नीट गुरगुरली.

मग खोकायला लागली... थरथरली... बंद.

पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

त्याने कार्बोरेटर खोलून धुतला, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकून साफ केली. तरी तेच रडगाणं. शेवटी वैतागून म्हणाला, "हिच्यात आता काही राहिलं नाही. भंगारात देऊ."

तो हात धुवायला गेला तेव्हा मी सहज आत बसले. चावी फिरवली.

गाडी शहाण्या मुलीसारखी चालत राहिली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याला गाडी स्वस्तात लाटायची आहे की काय? मुद्दाम बंद पाडतोय? रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. दिराचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्री गमत्या माणूस. "गाडी आणि सासू, दोघींचं आधी ऐकून घ्यावं, मग बोलावं," म्हणाले आणि प्लग काढले. काळेकुट्ट. काजळी धरलेले.

"पेट्रोल भरपूर जातंय, हवाच मिळत नाही. कुणीतरी हिचं तोंड दाबतंय म्हणा ना!"

ते हसले. मी नाही हसले.

एअर फिल्टर स्वच्छ होता. चोक, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडी होती. फिल्टर झाकणासकट काढून ठेवून मिस्त्रींनी प्लग पुसून बसवले आणि स्वतः गाडी सुरू केली. एकदम झकास. मग दिराला बसवलं.

खोकला... थरथर... बंद.

"हे बसले की हिला काय होतं?" मिस्त्री पुटपुटले.

त्यांनी स्वतः पुन्हा सुरू करून मला जवळ बोलावलं. "बघा ताई. माणूस बाहेर असेल आणि चावीपर्यंत जाता येत नसेल, तर आम्ही इंजिन असं बंद करतो." त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. हवा तुटली. इंजिन गुदमरलं, थांबलं.

त्यांनी हात उचलला.

तळहातावर काळा गोल ठसा होता.

मिस्त्री पाणी प्यायला नळाकडे गेले. मी आणि दीर, दोघंच उरलो. तो आत, मी बाहेर, मध्ये उघडं बॉनेट.

"भाऊजी, एकदा परत सुरू करा."

इंजिन सुरू झालं. गुरगुरलं. खोकायला लागलं... मी कार्बोरेटरच्या तोंडाकडे हात नेला.

पण माझा हात तिथवर पोचलाच नाही.

तिथे आधीच एक हात होता.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटांना मात्र लागत होतं. गार. खरखरीत. अंगठ्याखाली घट्टा... तो हात मी चौदा वर्षं हातात धरला होता.

इंजिन बंद पडलं.

तिथे हात आहे, हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात बॉनेटच्या पलीकडून दिराचा आवाज आला. अगदी हळू. रडवेला.

"वहिनी... दादाला सांग ना. हात काढ म्हणावं."

त्याला तिथून इंजिनही दिसत नव्हतं.

मिस्त्री परत आले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या, गाडी चालवायचीच नाही. हात जोडून पाळी बदलून घेतली. आता लेकीला मीच चालत शाळेत सोडते.

पण डोक्यातून एक गोष्ट जात नाही. चावी उलटी फिरवली की गाडी बंद होते. माझ्या नवऱ्याला तेवढं तरी नक्कीच कळत होतं. मग त्याला हात का ठेवावा लागला? चावीजवळ कोण बसलं होतं?

मी अजून विचारलेलं नाही. एकाच घरात राहतो आम्ही, धीर होत नाही.

दीर मात्र रोज सकाळी विचारतो, "वहिनी, पोरीला सोडून येऊ का?"

मी नाही म्हणते.

का नाही, हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.