धुतलेली सहाण

सहाण धुवायला ठेवलेले कमळाचे वाळके बोंड ओले होते. फौजदार पान शिहेंग याने ते अंगठ्याने दाबले, तसे काळ्या पाण्याचे दोन थेंब गळले. त्याने ते पुन्हा हौदाच्या काठावर ठेवले.

चेंगगुरुजींची शाईची सहाण, ढगाआडचा चंद्र कोरलेली, तीन दिवसांपासून गायब होती. तेव्हापासून शेशिएनमधल्या या घराच्या दाराला आतून आणि सुनेच्या खोलीला बाहेरून कुलूप होते आणि किल्ल्या म्हाताऱ्याच्या कमरेला. विधवा सून रुचेन हिला नानजिंगच्या शाळेत नोकरी मिळाली होती. उद्याची नाव चुकली तर ती जागा दुसरीला जाणार होती.

"सहाण सापडेपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही," गुरुजी म्हणाले. "पेटी बांधून कोण बसलंय ते बघ, म्हणजे चोर कळेल."

"ती पेटी तीनदा उपसलीत, मामंजी," बंद खोलीतून रुचेनचा आवाज आला.

पान नोकराकडे वळला. "फूकाका, बाई खोलीबाहेर कधी येतात?"

"तीन दिवसांत एकदाही नाही. ताटसुद्धा खिडकीतून देतो."

"सहाण कोण धुतं?"

"गुरुजीच. मी एकदा भांड्यांच्या चोथ्याने घासली, तर वर्षभर शिव्या खाल्ल्या. त्या बोंडाला मी शिवत नाही, बाबा!"

"गुरुजी, या तीन दिवसांत काही लिहिलंत?"

"शाई कशावर उगाळू? तुझ्या डोक्यावर? शाळेतही असाच मठ्ठ होतास!"

पान मागच्या दालनात गेला. गुरुजींनी साठीला करून घेतलेली स्वतःची शवपेटी तिथे होती. झाकणावर धूळ होती. एका कडेला मात्र वीतभर जागा स्वच्छ.

"काका, उघडा."

"जिवंत माणसाची? अभद्र!"

"म्हणूनच तिथे कुणी शोधलं नाही."

झाकण सरकले. आतल्या रजईवर सहाण होती, लख्ख धुतलेली.

"बोंड आज सकाळी भिजलंय आणि त्यातलं पाणी काळं आहे, म्हणजे कालही कुणीतरी हिच्यावर शाई उगाळली," पान हळू म्हणाला. "बाई कुलपात, काका त्याला शिवत नाहीत. आणि चोर सहाण विकतो, रोज धूत बसत नाही. शिळी शाई रात्रभर राहिली तर जीव कासावीस होणारा माणूस या घरात एकच. सहाण लपवलीत गुरुजी, पण साठ वर्षांची सवय लपवता आली नाही."

म्हातारा खाली बसला.

"ती गेली की घरात मी आणि ही पेटी. दोघंच."

त्याने किल्ल्या जमिनीवर ठेवल्या. फूकाकाने खोली उघडली. सात वर्षे दर वसंतात घर सोडण्याचा विषय 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळणारी रुचेन बाहेर आली. तिने सासऱ्यासमोर वाकून नमस्कार केला.

"मामंजी, उद्याच्या नावेने मी जाणार."