नाव नसलेला पत्ता

"हरिभाऊ, असाल तसे या. लंडनहून सांत्वनाचं पत्र आलंय आणि माझा हंगाम बुडालाय."

लीलावहिनींचा फोन तेवढाच. पस्तीस वर्षं टपालखात्यात काढलेल्या हरिश्चंद्रांनी चपला अडकवल्या आणि भाट्याचा रस्ता धरला.

पडवीत आंबापोळीची रिकामी ताटं उलटी रचून ठेवली होती. वहिनींनी पत्र पुढे केलं. लंडनच्या मराठी दुकानदाराचं होतं.

'रघुनाथरावांच्या निधनाचं कळलं. सुतकामुळे यंदा माल होणार नाही, ही तुमची एक एप्रिलची ईमेल मिळाली. नाइलाजाने दुसरीकडे मागणी दिली. ईमेलखाली कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून घरातल्या सर्वांना उद्देशून लिहितो. अशा दुःखात ईमेलवर सांत्वन करणं मनाला पटेना, म्हणून हे पत्र.'

"मी असली ईमेल लिहिलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळा कारखाना त्या एका मागणीवर. ती गेली की टाळं."

"पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक?"

"मला, टायपिंग करते त्या ऋतिकाला आणि मुंबईला माझ्या मुकुलला. त्यानेच तर तो पत्ता काढून दिला. ऋतिकाला आज सकाळीच संशयावरून घरी पाठवलंय. दुसऱ्या कारखान्याकडून तिला बोलावणं आलंय म्हणे."

"पत्ता काय आहे?"

"इन्फो, मग ते ॲट, मग कारखान्याचं नाव. मला माझं नाव हवं होतं. मुकुल म्हणाला, आई, धंद्याच्या पत्त्यात बाईमाणसाचं नाव बरं दिसत नाही, व्यावसायिक वाटलं पाहिजे. शिकलेला मुलगा, म्हटलं असेल."

"मुकुल येणार होता ना मे महिन्यात?"

"तो कसला येतोय. मलाच तिकीट पाठवलंय. सुनेची, अपूर्वाची रजा संपतेय, बाळाला सांभाळायला कोणी नाही. मी सांगितलं, लंडनची ऑर्डर आहे तोवर जमायचं नाही."

हरिभाऊंनी पत्र पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "रघुनाथराव गेल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"सहा तारखेला. केळशीहून त्यांच्या बायकोचं, येसूबाईंचं कार्ड आलं. भावजी मुंबईला इस्पितळात वारले, एकतीस मार्चला. आम्ही उरलेले चार दिवस पाळले. तेवढेच चार दिवस पोळी घातली नाही."

"कार्ड फाडलंत?"

"मरणाचं पत्र फाडायचंच असतं. पण दिवस मोजायला वाशात खोचून ठेवलं होतं."

कोपरा फाडलेलं ते कार्ड हरिभाऊंनी ओढून काढलं. त्यांनी आधी शिक्का पाहिला, सवयच ती. केळशी, तीन एप्रिल. मग मजकूर. 'शेवटी आपल्या घरचा मुलगा उशाशी होता. त्याने पाणी दिलं.'

"येसूबाईंना मुलगा आहे?"

"नाही. मूलबाळच नाही त्यांना."

"मग ऋतिकाला बोलवा, वहिनी. आणि तिची माफी मागा."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांना समजलं होतं, पण हरिभाऊंनी बोलायचं टाळलं नाही.

"पोरीला हे सुतक सहा तारखेपर्यंत ठाऊकच नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. ईमेल गेली एक तारखेला. म्हणजे लिहिणारा मरणाच्या वेळी मुंबईत होता आणि त्याच्याकडे पासवर्ड होता. आणखी एक. मागणी नाकारायला शंभर कारणं होती. आंबा आला नाही, भट्टी बिघडली. पण लंडनचा माणूस आपल्यातलाच, सुतक म्हटलं की तो उलट विचारणार नाही. खोटं सुतक लिहायला मात्र हात धजला नाही त्याचा. कुणाचं तरी खरं मरण येईपर्यंत थांबला. आईला फसवायला भ्याला नाही, अभद्र बोलायला भ्याला."

वहिनींनी फोन फिरवला.

"मुकुल, भावजींना पाणी तू दिलंस?"

"आई, तू कधीच थांबली नसतीस. तुझ्याच भल्यासाठी..."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं तर तू चार दिवस थांबून परत भट्टी पेटवली असतीस."

"तेच केलं मी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग पदर तोंडाला लावून पायरीवर बसल्या. हरिभाऊंनी तिकडे पाहिलं नाही.

ऋतिका संध्याकाळी आली. वहिनींनी तिचे दोन्ही हात धरले, पण माफीचे शब्द काही त्यांना नीट जमले नाहीत. पोरगी गुमान संगणकासमोर बसली.

"काकू, नव्या पत्त्याला नाव काय देऊ?"

"लीला. माझंच."

"आणि इथे दुसरा पत्ता विचारतायत. पासवर्ड विसरलात तर तुमच्या खात्रीच्या माणसाला कळवतात. मागच्या वेळी मुकुलदादाने स्वतःचा घातला होता."

वहिनींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग पडवीतल्या उलट्या ताटांकडे.

"ती जागा रिकामी सोड," त्या म्हणाल्या.